प्रकरण चौदा : गच्चीवरच्या दोन सूर्यचुली

नियम शरयूनंच घातला होता, त्यामुळे आता बोट दाखवायलाही दुसरं कुणी उरलं नव्हतं.

“तांदूळ सारखे, पाणी सारखं, भांडी सारखी,” असं तिनं शनिवारी सगळ्यांच्या पानांवर आमटी वाढता वाढता जाहीर केलं होतं. “आणि एकदा दोन्ही चुली उन्हात मांडल्या, की पूर्वेच्या कठड्याची सावली आटून त्याच्या पायाशी येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. नाहीतर तुलना कसली?”

आप्पांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, घास हातातच थांबवून सुनेकडे कौतुकानं पाहिलं. या घरात तिच्या बी.एस्सी.चा उपयोग आजवर दोनच ठिकाणी झाला होता. फ्यूज उडाला की तार बसवायला, आणि घरी पाहुणा आला की त्याला सांगायला. आज पहिल्यांदाच ती पदवी शास्त्राच्या कामी येत होती. शरयूचा चेहरा त्या कौतुकानं असा काही तापला, की आमटीचा एक पळा मधुभाऊजींच्या ताकात गेला.

सासूबाईंनी, म्हणजे माईंनीही, नियमाला मान डोलावली, पण त्यांचं कारण वेगळं होतं. पहिला भात नैवेद्याचा असणार होता. सूर्यानं शिजवलेलं अन्न सोवळ्यातलं धरायचं की नाही, यावर दोन दिवस खल चालला होता.

“सूर्यापेक्षा पवित्र काय असतं?” आप्पा म्हणाले होते.

“तो सगळ्या लश्कर भागातल्या उकिरड्यांना शिवून आपल्या गच्चीवर येतो,” माई म्हणाल्या होत्या.

शेवटी तोड निघाली ती अशी: भांडी सोवळ्यात मांडायची, सोवळ्यातच उतरवायची, आणि मधे ओवळ्यातल्या कुणी चुलींना शिवायचं नाही. शास्त्र आणि सोवळं एका नियमावर येऊन मिळाली. शरयूला तेव्हा ते फार शुभ वाटलं.

खरं म्हणजे घोळ चुलींचा नव्हताच. ऐन दिवाळीत मध्य भारत नावाचं राज्य संपून नव्या मध्य प्रदेशात जमा होणार होतं, आणि ग्वाल्हेरच्या मोतीमहालातल्या कचेऱ्या भोपाळला निघाल्या होत्या. संस्थानी दरबार गेला तेव्हा आप्पांनी आपली पगडी पेटीत ठेवली आणि दोन्ही मुलांना नव्या सरकारात चिकटवून दिलं. आता ते सरकारही चाललं. “माझ्या हयातीत दोन राज्यं बुडाली, आणि दोन्ही वेळा मला कुणी विचारलं नाही,” असं ते माधवगंजात भेटेल त्याला सांगत.

थोरले मधुभाऊजी भोपाळला जायला तयार नव्हते. राजीनामा देऊन नई सडकेवर सूर्यचुलींचं दुकान टाकायचं, असं त्यांनी मनात घेतलं होतं. दिल्लीच्या एका कारखान्यानं त्यांना ग्वाल्हेरची एजन्सी देऊ केली होती. आप्पांनी निकाल असा लावला, की चूल खरोखर शिजवत असेल तर मधूनं खुशाल इथं दुकान काढावं आणि धाकट्या लक्ष्मीकांतनं भोपाळला जावं. नसेल शिजवत, तर मधूनं मुकाट्यानं भोपाळची नोकरी धरावी, आणि लक्ष्मीकांतनं इथं राहणाऱ्या एखाद्या कचेरीत बदली मागावी. एक मुलगा आणि एक सून म्हाताऱ्यांपाशी राहिलीच पाहिजे.

आणि शरयूला भोपाळला जायचं होतं.

हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, लक्ष्मीकांतला, म्हणजे नवऱ्यालासुद्धा नाही. त्याला काहीही सांगितलं की तो ‘देखा जाएगा’ म्हणे, आणि मग काहीच पाहिलं जात नसे. पण न पाहिलेल्या भोपाळातल्या न मिळालेल्या क्वार्टरमध्ये तिनं पडदे लावून ठेवले होते. त्या घरात वर्षाच्या कुंदाचं दूध तीनदा उकळलं म्हणून कुणी हसणार नव्हतं. झोपलेल्या मुलीच्या नाकाशी बोट धरून श्वास चालतोय ना ते बघताना कुणी पकडणार नव्हतं. मग लगेच तिला वाटे, की तिथं कुंदाला खोकला झाला तर विचारायचं कुणाला? अशा वेळी ती मनातले पडदे काढून टाकी, आणि थोड्या वेळानं पुन्हा लावी. मुलीची आई झाल्यापासून तिला एकही इच्छा भीतीशिवाय झालेली नव्हती.

*

रविवारी सकाळी संभाजीराव टांग्यातून उतरले ते लाकडी पेटी पोटाशी धरूनच. त्यांचं घराणं एकेकाळी फौजेतलं. जहागीर गेली, घोडे त्याआधीच गेले होते, आणि आता हजीरा भागातल्या आपल्या रिकाम्या पागेत ते सूर्यचुली बनवत होते. दिल्लीच्या चुलीशी तुलनेला आज त्यांचीच पेटी मांडायची होती. आप्पांशी त्यांची मैत्री जुनी, आणि एकमेकांना टोचण्याची सवय तितकीच.

“रमाकांतराव,” ते आप्पांना म्हणाले, “जरा हात लावा की. तुमच्या गच्चीवर शंभर पायऱ्या आहेत का काय?”

“पूर्वज किल्ले चढले म्हणता ना? मग चढा.”

“चढले होते भई. पण वर कुणी भात शिजवायला सांगितलं नव्हतं.”

गच्चीवर दोन्ही चुली शेजारी शेजारी मांडल्या. मधुभाऊजींची दिल्लीची चूल म्हणजे एक मोठी चकचकीत ॲल्युमिनियमची परात, तिच्यासमोर भांडं ठेवायला लोखंडी कडं. परातीत पडलेलं सगळं ऊन गोळा होऊन भांड्याच्या बुडाशी एक पांढरा ठिपका होई. त्याच्याकडे बघवत नसे. संभाजीरावांची पेटी दिसायला अगदी गरीब. आतून काळी, वर दुहेरी काच, आणि उघड्या झाकणाला आतून आरसा.

“ही दाढी करायला आहे का काका?” लक्ष्मीकांतनं विचारलं.

“तुझी आहे कुठं?” संभाजीराव म्हणाले.

माई आणि थोरली जाऊ शामला न्हाऊन ओल्या सोवळ्यानं वर आल्या. माईंनी दोन्ही भांडी ठेवली, हात जोडले, आणि त्या जिन्याच्या खोलीच्या दारात, सावलीत, पाटावर बसल्या. डोळे मिटले, जपाची माळ सुरू झाली. शामला मात्र उन्हातच थांबली.

“वहिनी, बसा ना सावलीत,” शरयू म्हणाली. तिच्या कडेवर कुंदा होती, आणि कुंदानं मघाशीच तिचं लुगडं भिजवलेलं असल्यामुळे ती ओवळ्याहून ओवळी होती. चुलींपासून चांगली हातभर लांब उभी राहून ती पंचगिरी करत होती.

“सोवळं अंगावरच वाळवते,” शामला म्हणाली. “तू बघ तुझं.”

मंडळी कठड्याशी सतरंजीवर बसली. समोर किल्ला उन्हात पिवळा पडला होता. मधुभाऊजी दुकानाच्या पाटीचा रंग ठरवत होते, आप्पा त्यांना पाटी नकोच म्हणून सांगत होते.

शरयू बघत होती. बघण्यात ती तरबेज होती. कॉलेजात प्रयोगाच्या तासाला मुली दोनच, त्यामुळे उपकरणांना हात मुलांचा आणि मुलींनी मागून बघायचं, अशी वाटणी असे. चार वर्षं मागून बघून तिनं दुसरा वर्ग मिळवला होता. म्हणूनच तिला तो ठिपका सर्वांत आधी दिसला.

ठिपका सरकला होता.

भांड्याच्या बुडाच्या मध्यावरून तो कडेला आला होता. आणखी थोडा वेळ गेला, आणि तो निम्मा भांड्यावर, निम्मा हवेत उरला.  सूर्य चालतो. परात चालत नाही. परातीला दर थोड्या वेळानं त्याच्याकडे तोंड करून बसवावं लागतं, हे दिल्लीच्या माहितीपत्रकात नसेलही, पण शाळेतल्या पोराला कळावं इतकं उघड होतं. पेटीचं तसं नव्हतं. तिनं एकदा ऊन आत घेतलं की काच ते सोडत नाही, सूर्य थोडा इकडचा तिकडे झाला तर तिला फिकीर नाही. हात लावायचा नाही, हा नियम पेटीला काहीच नव्हता आणि परातीला फाशी होती. आणि तो घालणारी होती घरातली एकुलती एक बी.एस्सी.

आपल्याच भोपाळवर आपणच कुलूप घातलं, तेही सगळ्यांच्या देखत, आमटी वाढताना.

आता उठून सांगावं, की माझं चुकलं, परात फिरवायला हवी? तोंड उघडलंही तिनं. पण आप्पा त्याच वेळी संभाजीरावांना म्हणत होते, “नियम आमच्या धाकट्या सूनबाईंचा आहे. शास्त्रशुद्ध. इकडचा कण तिकडे व्हायचा नाही.” आणि संभाजीरावांनी अदबीनं मान झुकवली होती. शरयूनं तोंड मिटलं. जाहीर चुकण्यापेक्षा खाजगीत बुडणं तिला नेहमीच सोपं वाटे.

तेवढ्यात तिच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. उरलासुरला अर्धा ठिपकाही मधूनमधून विझत होता. तिनं वर पाहिलं. आकाशात ढगाचं नाव नव्हतं. परातीच्या आणि सूर्याच्या मधोमध शामला उभी होती, पदर दोन्ही हातांनी पसरून, वाळवत.

“वहिनी,” शरयू हळूच म्हणाली, “तुमची सावली पडतेय.”

“कुठं?”

“भाऊजींच्या चुलीवर.”

“असं?” शामलानं खाली पाहिलं आणि पाऊलभर सरकली. सरकली ती अशी बेतानं, की सावली परातीच्या अजून मधोमध आली. तिच्या चेहऱ्यावर जगातलं सगळं भोळेपण होतं. शरयू तिच्याकडे बघत राहिली.

“भोपाळला तलाव आहे म्हणतात,” शामला एकदम म्हणाली. “आपल्या गच्चीएवढा नाही हो. दुसरा काठ दिसत नाही म्हणे.”

“तुम्हाला जायचंय?”

“बारा वर्षं या घरात मीठ कुठल्या बरणीत ठेवायचं ते माई सांगताहेत,” शामला आवाज न वाढवता म्हणाली. “बरणी एकच आहे. मला वाटतं, एकदा ते मी डब्यात ठेवून पाहावं.” मग तिनं शरयूकडे नीट पाहिलं. “तुझं काय?”

“माझं काय? मी पंच आहे,” शरयू म्हणाली. हे उत्तर देताना तिला स्वतःचीच इतकी लाज वाटली, की तिनं कुंदाचं न वाहणारं नाक पुसलं.

दोघींना एकच हवं होतं, आणि ते एकीलाच मिळणार होतं. इतकी वर्षं शेजारी शेजारी पोळ्या लाटून ही गोष्ट आज कळत होती.

खालून चहाची हाक आली. ती मधुभाऊजींनीच स्वतः खाली जाऊन मारली होती, कारण चहा करायला बायका वर अडकल्या होत्या आणि त्यांना साखर सापडत नव्हती. मंडळी उठली. “शामला, अगं साखर,” असं दुसऱ्यांदा ऐकू आल्यावर शामलालाही जावं लागलं. जाताना तिनं परातीकडे एक नजर टाकली. ठिपका आता पूर्ण हवेत होता. ती समाधानानं जिना उतरली.

गच्चीवर शरयू, कुंदा, आणि डोळे मिटून जप करणाऱ्या माई.

वळणीशी सोवळ्याची काठी टेकवलेली होती. उंच वेळूवर वाळत घातलेली माईंची सोवळी हात न लावता काढण्यासाठीची, टोकाला खाच असलेली, लांब आणि गुळगुळीत. तिच्याकडे बघत शरयू सगळे आक्षेप मनाशी मोजत उभी राहिली. हा अप्रामाणिकपणा होता. मग तिनं स्वतःशीच वाद घातला, की शामलावहिनींची सावली तरी कुठं नियमात होती? परातीला बिचारीला न्याय मिळायला नको? शिवाय काठीनं केलेलं म्हणजे हात लावणं नव्हे, हे तर या घरात तीन पिढ्या मान्य आहे. आपल्या स्वार्थाला इतकी शुद्ध कारणं मिळालेली पाहून तिला आपल्या शिक्षणाचा खरा उपयोग समजला.

मुलीला एका कडेवर, काठी दुसऱ्या हातात. परातीच्या कडेला खाच अडकवून तिनं हलकेच ओढलं. जास्त झालं. ठिपका भांडं ओलांडून पलीकडे गेला आणि वाळत टाकलेल्या कुंदाच्या दुपट्यावर चढला. दुपट्यातून एक बारीक धुराची रेघ निघाली. शरयूनं घाईघाईनं उलट ढकललं. ठिपका परत आला, बुडाशी बसला, आणि क्षणभरातच भांड्यावरचं झाकण थुडथुडायला लागलं. कुंदा टाळ्या वाजवायला लागली. शरयूनं तिचे दोन्ही हात एका मुठीत धरले.

माईंची माळ थांबली नव्हती. शरयूनं खात्री करून घेतली. डोळेही मिटलेलेच होते. मंडळी वर येईपर्यंत तिनं काठी आणखी दोनदा चालवली, दुसऱ्या खेपेला तर सफाईनं. आयुष्यातला तिचा हा पहिला यशस्वी प्रयोग होता, आणि तो कुणाला दाखवायची सोय नव्हती.

*

कठड्याची सावली पायाशी आली. माईंनी उठून आधी पेटी उघडली. वाफेनं काच पांढरी झाली होती. शीत दाबून पाहिलं, तर मध्ये कणी होती.

“थोडा वेळ द्या, वहिनीसाहेब,” संभाजीराव म्हणाले. “पेटी जरा सावकाश आहे. मालकासारखी.”

मग परातीचं भांडं. झाकण काढताच करपल्याचा वास आला. बुडाला खरपूस थर धरला होता, पण वरचा भात मोकळा, फुललेला, पूर्ण शिजलेला होता. मधुभाऊजी सतरंजीवरून उठलेच. शामलानं भाताकडे पाहिलं, मग आकाशाकडे, मग शरयूकडे.

“हात नाही ना लावला कुणी?” संभाजीरावांनी विचारलं.

सगळे पंचाकडे बघायला लागले.  जिंकलेलं भोपाळ शरयूसमोर होतं, तलावासकट. आणि समोर संभाजीराव होते, पेटी पोटाशी धरून पायऱ्या चढून आलेले.

“पेटीवर अन्याय झाला,” ती म्हणाली. सुरुवात अशी झाल्यावर पुढचं आपोआप येत गेलं. “म्हणजे, परातीवरही झाला. माझा नियमच चुकीचा होता. परात लवकर शिजवते, पण तिच्याजवळ सारखं कुणीतरी लागतं. तिला सूर्याकडे वळवत राहावं लागतं, नाहीतर एकतर भात कच्चा, नाहीतर करपलेला. पेटी उशिरा शिजवते, पण ती मांडून माणूस बाजारात जाऊन आला तरी चालतं. घरात माणसं भरपूर असतील त्यानं परात घ्यावी. एकटीनं संसार करणारीनं पेटी.” परात कुणी वळवली, हे सांगायची तिची तयारी होत होती. ती झाली असती, असं तिला पुढे कायम वाटत राहिलं.

पण मधुभाऊजींनी मधेच मांडीवर थाप मारली. “काका, मग दोन्ही ठेवतो दुकानात. गिऱ्हाइकाला आधी विचारायचं, घरात माणसं किती?”

“माझी पेटी दिल्लीवाल्याच्या शेजारी?” संभाजीराव म्हणाले, पण त्यांच्या मिशा हलल्या. “वरच्या फळीवर ठेवणार असशील तर बघू.”

आप्पांनी चुटकी वाजवली. निकाल देताना ते अजून दरबारात असत. “ठरलं. मधू इथं दुकान काढेल. लक्ष्मीकांत, तू सामान बांध. भोपाळ.”

“देखा जाएगा,” लक्ष्मीकांत म्हणाला.

 शरयूच्या मनातले पडदे एका झटक्यात वर चढले. शामला आपल्या वाळलेल्या पदराच्या निऱ्या करत होती, एकेक, अगदी सावकाश, आणि ते बघून शरयूला आपला आनंद थोडा दडवून ठेवावासा वाटला.

“झालं का तुमचं सगळ्यांचं?” माईंनी विचारलं.

त्यांनी नैवेद्याच्या वाटीत वरचा भात काढला, करपलेला बाजूला ठेवला, आणि भांड्यावर झाकण घातलं.

“घरात माणसं किती, हे विचारणार म्हणे गिऱ्हाइकाला. मला कुणी विचारलं का, मला कुठल्या घरात राहायचंय?”

 आप्पांनी पगडी असावी तिथं हात नेला.

“वर्षाची पोर घेऊन ही एकटी तिथं जाणार. कचेरीतून हा अंधार पडल्यावर येणार आणि देखा जाएगा म्हणणार. मी जाते हिच्याबरोबर. कुंदा पळायला लागेपर्यंत.”

“आणि मी?” आप्पा म्हणाले.

“तुम्हाला तुमचे संभाजीराव आहेत, टोचायला. जेवायला शामला घालील.” मग त्या थोरल्या सुनेकडे वळल्या. “आणि तू आता सावलीत बस. सकाळपासून उभी राहून काळवंडलीस. मिठाची बरणी फडताळात डाव्या हाताला आहे. हलवायची तर हलव. मी बघायला नाही.”

शामलाच्या हातातल्या निऱ्या सुटल्या. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही, आणि मग हळूहळू, पेटीतल्या उन्हासारखं, सगळंच उमटलं. हे घर तिचं होणार होतं, जागेवरून न हलता. दुसरा काठ न दिसणारा तलाव तिनं तिथल्या तिथे सोडून दिला असावा.

शरयू कुंदाला घट्ट धरून उभी होती. तिच्या मनातल्या क्वार्टरमध्ये माई शिरल्या होत्या. त्यांनी पडदे पाहिले, नाक मुरडलं, आणि दुधाचं पातेलं एकाच उकळीला खाली उतरवलं. काठीनं सूर्य वळवून तिनं जिंकलं होतं ते हेच. तिला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी छातीतली एक गाठ, जी कित्येक दिवस पडदे लावताना आणि काढताना आवळत चालली होती, ती सैल झाल्यासारखी वाटली. कुंदाला खोकला झाला तर विचारायला माणूस असणार होतं. ही गोष्ट माईंना कधीही कळू द्यायची नाही, असं तिनं लगेच ठरवलं.

“माई, तुम्हाला त्रास होईल तिकडे,” ती म्हणाली. म्हणायला हवं होतं म्हणून.

माईंनी वेळूवरून आपलं दुसरं सोवळं काठीनं अलगद उतरवलं. जाता जाता दुपट्याला पडलेलं नाण्याएवढं काळं भोक त्यांनी काठीच्याच टोकानं उलगडून पाहिलं, आणि काठी सुनेच्या पुढ्यात, तिला शिवणार नाही अशी, ठेवली.

“ही आठवणीनं बांधून घे,” त्या म्हणाल्या. “तुला चांगली चालवता येते.”